बाभळीचं इमान : नवशिक्यांसाठी एक मार्गदर्शिका

आमच्या बीड जिल्ह्यात जुनी माणसं विमानाला ‘इमान’ म्हणतात. त्यामुळे ओसरीवर बसून ‘मी इमान करायलोय’ असं तुम्ही जाहीर केलंत, तर समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग तुमच्याकडे आपलं काही येणं बाकी आहे का, ते मनातल्या मनात मोजतो. हा गोंधळ टाळायचा असेल तर पहिल्याच दिवशी हातातला लाकडाचा ठोकळा दाखवून टाका. ठोकळा बघितला की माणसं निर्धास्त होतात. नुसतंच येड लागलंय, पैशाचं काही नाही, असं समजून पुढे जातात.

ही मार्गदर्शिका अशा येड लागलेल्यांसाठी आहे. पिकांवर औषध फवारायला म्हणून बांधलेलं छोटं विमान असतं, त्याचं लाकडी, भरीव, प्रमाणबद्ध मॉडेल कसं करायचं ते हिच्यात सांगितलंय. भरीव म्हणजे भरीव. ते उडणार नाही, त्याला रिमोट नाही, चार्जिंग नाही, आणि पोरांच्या हातून पडलं तर विमानाला काही होणार नाही, फरशी फुटेल. मी एक पूर्ण केलंय आणि दीड वाया घालवलंय. एवढाच माझा अधिकार.

बीडमध्ये विमान कशाला, असं कुणीतरी विचारणारच. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. अहिल्यानगरहून रूळ इथवर पोचेपर्यंत वाट बघणाऱ्यांची एक अख्खी पिढी एसटीनेच फिरून संपली. विमानतळ अजून नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी तासायला घ्यावं.

कोणतं विमान घ्यावं

नवशिक्याने ‘बसंत’ घ्यावं. एचए-३१ बसंत हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळूरला बनवलेलं आपलं स्वतःचं शेतीचं विमान. आराखड्याला सुरुवात झाली १९६८ मध्ये. पहिला नमुना जमला नाही, म्हणून तो बाजूला ठेवून दुसरा काढला, आणि तो मार्च १९७२ मध्ये उडाला. ही हकीकत भिंतीवर लिहून ठेवा. तुमचा पहिला ठोकळा मधोमध चिरेल त्या रात्री ती कामाला येते. एवढा मोठा कारखाना, तोसुद्धा पहिला बाजूला ठेवतो.

मार्च १९७२ म्हटल्यावर आमच्याकडे पुढचं सांगावं लागत नाही. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. तिकडे पिकावर औषध मारायचं विमान तयार झालं आणि इकडे औषध मारायला पीकच राहिलं नाही. माझ्या आईला बहात्तर विचारलं तर ती खडी फोडण्याचं सांगते, सुकडीचं सांगते, हाताला आलेल्या फोडांचं सांगते. त्यात कुठेही विमान येत नाही. पुढे एकूण ३९ बसंत बांधली गेली आणि १९८० मध्ये काम थांबलं. ३९ म्हणजे किती, तर आमच्या एका गल्लीत याहून जास्त मोटारसायकली आहेत.

नवशिक्याला बसंत सोयीचं, कारण त्याच्यात नखरा नाही. पंख अंगाच्या खालच्या बाजूला, त्यांना वरून तिरक्या दांड्यांचा आधार. चाकं कायम बाहेर. शेपटीखाली एक बारकं चाक, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसतं, जसं एखादं कुत्रं भाकरीची वाट बघत बसतं. पुढे चारशे अश्वशक्तीचं, आठ सिलिंडरचं लायकमिंग इंजिन. ते झाकलेलं असतं, म्हणजे कोरायचं नाही. इंजिन कोरावं लागत नाही ते विमान चांगलं.

कुणी म्हणेल, आपण डोळ्यांनी बघितलेलं विमान करावं. म्हणजे २०१५ मध्ये कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून उडायचं ते. २०१९ मध्येही असा प्रयोग झाला. तेव्हा आमच्या गावात दुपारी गच्चीवर जाऊन बसणं हा उद्योगच झाला होता. गावातले तात्या डोळ्यावर हात धरून सांगायचे, “त्ये बघा, आलं. पेरायलंय.” ते मुंबईहून हैदराबादला चाललेलं प्रवासी विमान असायचं. खरं विमान ढगाच्या तळाशी जाऊन पंखाला लावलेल्या मिठाच्या नळकांड्या जाळतं. ढग उंच आणि गार असेल तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात. मिठाच्या कणाभोवती पाणी धरतं, थेंब जड होतो, पडतो. पण त्यासाठी आधी ढग लागतो. ढग नसताना विमान काय करणार, जे आपण करतो तेच. मॉडेलसाठीही ते गैरसोयीचं आहे. एकतर ती किंग एअर जातीची विमानं मूळची माणसं वाहायची, त्यांना शेतीची अक्कल उशिरा आली. दुसरं म्हणजे त्याला दोन इंजिनं, म्हणजे प्रत्येक चूक दोनदा करावी लागते, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी.

ड्रोन करू नका. दहा लिटरची टाकी घेऊन उडणारा फवारणीचा ड्रोन आता बांधावर येऊन पोचलाय, २०२३ मध्ये महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन द्यायची योजनाही मंजूर झाली. ड्रोन कामाचा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. फक्त तो लाकडात कोरायला गेलात की उलटं ठेवलेलं स्टूल होतं.

ज्यांना इतिहासाशिवाय हत्यार हातात धरवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विमानातून पहिल्यांदा औषधाची भुकटी मारली गेली ती ऑगस्ट १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायोमध्ये, झाडांवरच्या अळीसाठी. अमेरिकेतल्या कपाशीला सोंडकिडा आधीपासूनच लागलेला होता, आणि पुढच्या काही वर्षांत कपाशीवर भुकटी मारायला एक कंपनी निघाली. तीच वाढत वाढत आजची डेल्टा एअरलाइन्स झाली. आमच्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी ही वेगळी, पण धंदा तोच. तिकडच्या किड्याने विमान कंपनी उभी केली. इकडच्या अळीने २०१७ मध्ये पंचनामे उभे केले.

प्रमाण

बसंतचा पंखांचा पसारा १२ मीटर, लांबी ९ मीटर, उंची २.५५ मीटर. आपण चोविसास एक हे प्रमाण धरू. म्हणजे पंख ५० सेंटिमीटर, लांबी साडेसदतीस, उंची साडेदहाच्या किंचित वर. जुन्या मापात पंख हातभर आणि वर दोन बोटं. सुतारमिस्त्रींना असंच सांगा, सेंटिमीटर सांगितले की ते चष्मा शोधायला जातात.

याहून लहान करायचा मोह टाळा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी पोरांकडून पाच लाख लाकडी विमानं बहात्तरास एक या प्रमाणात करून मागवली होती. सैनिकांना आपलं कोणतं आणि शत्रूचं कोणतं ते सावलीवरून ओळखता यावं म्हणून ती काळी रंगवायची. त्या पोरांना सोबत मास्तर होते, कारागिरी शिकवणाऱ्या शाळा होत्या. बहात्तरास एक प्रमाणात बसंत वितीपेक्षाही लहान होतं. आमच्या घरात एवढी वस्तू चष्म्याच्या डबीसारखी, आठवड्यातून दोनदा हरवते.

प्रमाणाच्या बाबतीत एकच हिशोब समजून घ्या. लांबी चोवीस पट कमी झाली तर पोटातली जागा चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पट कमी होते. खऱ्या विमानात हजार लिटरची टाकी धरली, तर तुमच्या मॉडेलमध्ये तिच्यात ७२ मिलिलिटर मावेल. बसस्टँडवर एक कटिंग चहा मिळतो तेवढं. हा हिशोब मी कामाच्या आधी केला असता तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

लाकूड

पुस्तकात बाल्साचं लाकूड सांगतात. वखारीत जाऊन बाल्सा मागा, एकदा मागाच. मालक तुम्हाला हार्डवेअरच्या दुकानाकडे पाठवेल, हार्डवेअरवाला मेडिकलकडे.

आपल्याकडे मिळणाऱ्यात शिवण सगळ्यात चांगली. हलकी, कोरायला सोशिक, वाळल्यावर वाकडी होत नाही. सावरीचं लाकूड इतकं मऊ की नखाने कोरता येतं, आणि अडचण हीच की नखाने कोरलं जातं. तळकोकणात सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करायचे, म्हणजे पांगारा चांगलाच असणार, पण आमच्या भागात पांगारा शोधत हिंडण्यापेक्षा विमान विकत घेणं स्वस्त पडेल. आंब्याला भुंगा लागतो. सागवान घेतलंत तर घरातून विचारणा होते की दाराची चौकट राहिलीय त्याचं काय. लिंब चालतो, कीड लागत नाही, फक्त पॉलिश पेपरने घासताना तोंड दिवसभर कडू राहतं. माझा सल्ला असा की भंगारवाल्याकडे जावं. बाहेरून यंत्रसामग्री ज्या खोक्यांतून येते त्यांच्या पाइनच्या फळ्या तिथे किलोवर मिळतात. हलक्या, सरळ धाग्याच्या, वाळलेल्या. खिळे काढून घ्या. सगळे काढा. राहिलेला एक खिळा करवतीला बरोबर सापडतो.

एवढा शहाणपणाचा सल्ला दिल्यावर सांगायला हरकत नाही, मी बाभूळ वापरली.

त्याचं असं झालं. आमच्या गोठ्यात एक तिफण पडलेली होती. पेरणी ट्रॅक्टरवर गेल्यापासून ती तिथेच, दांडी आढ्याला टेकवून. कोंबड्या तिच्यावर रात्री बसायच्या. तिचं खोड, म्हणजे ज्यात तीन फण ठोकलेले असतात तो आडवा जाड ठोकळा, अजून खणखणीत होतं. मी टेप लावून बघितली. विमानाच्या अंगाला पाहिजे तेवढं, वर चार बोटं शिल्लक. मला वाटलं, योग आहे. मिस्त्रींना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या दादांनी तासलंय हे. वाकसाच्या खुणा बघा.” खुणा होत्या. “कापू का नको?” मी विचारलं. “कापा की. नाहीतर कोंबड्याच बसायल्यात.”

नवशिक्याने लक्षात ठेवावं की ओली बाभूळ तासली जाते. तीस वर्षं गोठ्यात वाळलेली बाभूळ पटाशीलाच तासते. मी तीन पटाश्या बोथट केल्या. आणि वजनाचं म्हणाल तर माझं विमान पूर्ण झाल्यावर वाण्याच्या काट्यावर सातशे ग्रॅम भरलं. मघाचा हिशोब उलटा लावा, सातशे ग्रॅम गुणिले १३,८२४. म्हणजे माझं विमान खऱ्या आकाराचं झालं असतं तर साडेनऊ टनांच्या वर गेलं असतं. खरं बसंत टाकी भरून, माणूस बसवून सव्वादोन टनांच्या आसपास. माझं उडालं नसतं. ऊस भरलेली ट्रॉली मात्र वजनात त्याच्या बरोबरीने चालली असती.

आखणी आणि कापणी

विमानाचं तीन बाजूंनी काढलेलं चित्र मिळवा : बाजूने, वरून, समोरून. ते झेरॉक्सच्या दुकानात नेऊन पाहिजे त्या मापाचं मोठं करून घ्या. दुकानदार आधी विचारेल, सातबारा की आधार. विमान म्हटलं की म्हणेल, दोन्ही बाजूंनी मारू का. नको म्हणा. मागच्या बाजूला पंख छापून आले तर एक कापताना दुसरा जातो.

ठोकळ्याच्या चारी बाजू आधी रंध्याने सपाट करून गुण्या लावून बघा. मग मधोमध एक रेघ ओढा, सगळीकडून, पुढून मागून वरून खालून. ही रेघ शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. घासताना गेली तर लगेच परत ओढायची. भरीव मॉडेलमध्ये सगळं चुकलं तरी चालतं, रेघ चुकली की विमान आयुष्यभर एका बाजूला बघत राहतं. माझं दुसरं विमान परळीकडे बघतं.

आता खरी युक्ती, आणि ही मात्र गांभीर्याने घ्या. ठोकळ्याच्या बाजूवर बाजूचं चित्र चिकटवा, माथ्यावर वरचं. आधी बाजूचा आकार करवतीने कापा. कापून निघालेले तुकडे फेकू नका. माथ्यावरचं चित्र त्यांच्यावरच गेलेलं असतं. ते तुकडे टेपने परत होते तिथे बसवा, ठोकळा पुन्हा चौकोनी करा आणि मग वरचा आकार कापा. टेप काढली की आतून विमानासारखं काहीतरी निघतं, चौकोनी कडांचं, पण विमान. या क्षणी घरातल्यांना बोलवावं. यानंतर बराच काळ दाखवण्यासारखं काही नसतं.

चौथी पायरी मिस्त्रींनी केली. मी चहा आणायला गेलो होतो.

पाचवी पायरी गोलाईची. जाड लग्नपत्रिका घ्या, लगीनसराईनंतर घरात ढिगाने असतात. तिच्यावर अंगाच्या ठिकठिकाणच्या आडव्या छेदाचा अर्धा आकार कापा आणि तो लाकडाला लावून बघत बघत कडा उतरवा. जिथे प्रकाश दिसेल तिथे लाकूड कमी आहे, जिथे पत्रिका उचलली जाईल तिथे जास्त. कमी असलेल्या ठिकाणी काही करता येत नाही. म्हणून जास्तवाल्या बाजूला राहा.

चाडं

शेतीच्या विमानाचं रूप बाकीच्या विमानांपेक्षा वेगळं का, हे कळल्याशिवाय त्याचं अंग नीट कोरता येत नाही. अंगाला मधे उंटासारखा उंचवटा असतो. पायलट त्या उंचवट्यावर, चांगला उंच बसतो, आणि त्याच्यापुढे नाकाचा उतार खाली जातो. कारण त्याला आभाळ बघायचं नसतं. पिकावरून दोन-तीन मीटरवरून जाताना त्याला समोरचा बांध, विहिरीची मोट, लिंबाचं झाड आणि तार बघायची असते. इंजिन आणि पायलट यांच्या मधे औषधाची टाकी. ती बरोबर तोलाच्या जागी असते, म्हणजे भरलेली असो की रिकामी, विमान नाक टाकत नाही की शेपूट टाकत नाही. आणि विमान कुठे आदळलंच तर जड टाकी पायलटच्या मागून त्याच्या अंगावर येत नाही, ती आधीच पुढे असते. पायपर कंपनीचं पॉनी नावाचं विमान १९५९ मध्ये निघालं, फ्रेड वीक या अभियंत्याने हा विचार त्याच्यात पक्का बसवला होता, आणि बसंतची ठेवण त्याच घराण्यातली.

हे सगळं मी मिस्त्रींना हातवारे करून समजावलं. पायलट इथं, टाकी इथं, टाकीतून औषध खाली नळीत, नळीतून पंखाखाली, पंखाखालून सारखं बारीक शेतावर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “चाडं म्हना की.”

तिफण ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी : खोडावर मधोमध एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. तिच्यातून वेळूचे नळे तीन फणांपर्यंत जातात. मागून चालणारा माणूस, बहुतेक घरी बाई, ओटीतलं बी मुठीने चाड्यात सोडत राहते. बैल पुढे ओढतात. मूठ जरा ढिली सुटली तर दाट पेरतं, आवळली तर खाडे पडतात. चाड्यावर मूठ धरणं हे कुणालाही जमत नाही. गावात अशा दोन-चार बायका असायच्या, पेरणीच्या दिवसांत त्यांना आधी सांगून ठेवावं लागायचं. माझी आई त्यांतली एक.

तर भरीव मॉडेलवाल्यांचा एक कडक नियम आहे की आतून काहीही पोकळ करायचं नाही. टाकीचं झाकण वरून कोरून दाखवायचं, टाकी नाही. मी नियम पाळणार होतो. पण मिस्त्री म्हणाले, “बुजलेलं चाडं कसं चालंल?” आणि त्यांनी गिरमिट लावलं. मग पटाशीने चौकोनी केलं. चार सेंटिमीटर लांब, चार रुंद, साडेचार खोल. मी मापून घेतलं. ७२ मिलिलिटर.

पंख

पंख पाइनचे करा. एक फळी, ५० सेंटिमीटर लांब, आठ रुंद, सव्वा सेंटिमीटर जाड. लाकडाचा धागा पंखाच्या लांबीच्या दिशेने जायला पाहिजे. आडवा धागा ठेवलात तर पंख चिरतो, आणि चिरतो तो नेमका रंग दिल्यावर. पुढची कड बोथट गोल, जाडी पुढच्या तिसऱ्या हिश्शात सगळ्यात जास्त, मागे उतरत उतरत कागदासारखी. एका बाजूला रंधा चालवताना दुसऱ्या बाजूला उलट्या दिशेने चालवायचा, हे विसरलात की तुमच्याकडे दोन डावे पंख होतात. याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

जोडताना फेव्हिकॉल आणि वाट बघणं, दोन्ही भरपूर. पंखांची टोकं मुळापेक्षा थोडी वर असतात. ती चित्रात मोजा आणि तेवढ्या उंचीच्या आगपेट्या दोन्ही टोकांखाली ठेवून रात्रभर विमान हलवू नका. आगपेट्या भरलेल्या घ्या. सकाळी आई चूल पेटवायला उठते. माझ्या विमानाचा उजवा पंख एका आगपेटीने खाली आहे.

पंख आणि अंग जिथे भेटतात तिथली फट फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा. हे लांबीपेक्षा चांगलं धरतं आणि फुकट असतं. मग घासा. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. यातच सगळा वेळ जातो. मालिका बघताना घासा, भजनाला बसून घासा, पाहुणे आले की त्यांच्याही हातात एक तुकडा द्या. माणूस नकळत घासायला लागतो. एका पाहुण्यांनी तर जाताना शेपूट गुळगुळीत करून दिली, मुलीच्या स्थळाचं मात्र ठरलं नाही.

बारीकसारीक

पंखांच्या तिरक्या दांड्या सायकलच्या तारांच्या. चाकं जुन्या स्लीपरच्या रबराची : लोखंडी पाइपचा तुकडा घ्या, त्याची कड घासून धार काढा आणि हातोडीने स्लीपरवर ठोका, रुपयाच्या नाण्याएवढी गोल चकती निघते. ही कला आमच्याकडे सात वर्षांवरच्या कुठल्याही पोराला येते, पोरालाच द्या.

फवारणीची नळी पंखाच्या मागच्या कडेखाली. ती पंखाच्या टोकापर्यंत नेऊ नका. पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा सुटतो आणि त्यात सापडलेलं औषध आपल्या शेताऐवजी शेजाऱ्याच्या शेतात, नाहीतर त्याच्या गुरांच्या पाण्यात जातं. म्हणून नळी पंखाच्या पाऊण लांबीतच संपवतात. तोट्यांसाठी टाचण्या, डोकी खाली. सारख्या अंतरावर. मी पस्तीस लावल्या, त्यातल्या चार आता लागत नाहीत कुठे, पायात सापडतील.

तार कापायची पाती विसरू नका. शेतीच्या विमानाला काचेपुढे आणि चाकांच्या पायांवर धारदार पट्ट्या असतात, शिवाय पायलटच्या डोक्यावरून शेपटीपर्यंत एक ताणलेली तार, म्हणजे विजेची तार अडकली तर ती शेपटीत न गुंतता वरून सरकून जावी. ब्लेडचा तुकडा लावा. आमच्या शिवारात तारा इतक्या खाली आल्यात की कडब्याची गाडीसुद्धा त्यांच्याखालून वाकून जाते, म्हणून मी दोन तुकडे लावले.

रंग जगभर बहुतेक पिवळा, लांबून दिसावा म्हणून. नवा डबा आणू नका. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट घरात असतोच, त्यावर आलेली साय काढून टाका. इंजिनाच्या धुराड्याला पोळ्याचंच बेगड चिकटवा, हुबेहूब धातू दिसतो. दोन हात द्या, मधे एक दिवस जाऊ द्या, आणि अंगणात वाळत ठेवू नका. माझ्या पहिल्या हातात एक माशी आहे.

भारतातल्या विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारं नाव असतं. ते बारीक ब्रशने लिहायचं काम मी भाच्याला दिलं, त्याचं अक्षर चांगलं आहे. त्याने शेपटीवर ‘एमएच २३’ लिहिलं. पाठीमागे जागा उरली म्हणून ‘आई-बाबांचा आशीर्वाद’. मी काही पुसलं नाही. बीडचीच पासिंग आहे.

ठेवायचं कुठे

टीव्हीवर ठेवायचे दिवस गेले, टीव्ही आता भिंतीला चिकटलेत. कपाटावर ठेवलंत तर दिसत नाही. आढ्याला टांगू नका, सातशे ग्रॅम बाभूळ आणि खाली झोपलेला माणूस हा हिशोब सांगायची गरज नाही. मी ते तात्पुरतं कणगीवर ठेवलं.

दोन दिवस आई त्याच्या बाजूने येत-जात होती, काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ते उचलून मांडीवर घेतलं. पंखांवरून हात फिरवला, नळीला हात लावला, टाचणी टोचली तशी “आगं माय” म्हणाली. मग पोटाखालून बोट घातलं, जिथे मी रंग द्यायचा कंटाळा केला होता आणि वाकसाच्या जुन्या खुणा तशाच राहिल्या होत्या. तिथे तिचं बोट थांबलं.

“तिफणीचं खोड ना हे?”

“हो.”

“आन् हे चाडं?” तिने उंचवट्यापुढचं चौकोनी भोक दाखवलं.

“टाकी आहे ती. औषधाची.”

तिने काही ऐकल्यासारखं केलं नाही. कणगीत हात घातला, मूठभर ज्वारी काढली, आणि मूठ त्या भोकावर धरून सोडायला लागली. सगळी एकदम नाही. अंगठा किंचित हलत होता, दाणे एका धारेत पडत होते. मूठ संपली तेव्हा टाकी काठोकाठ भरली होती, वर एक दाणा नाही, खाली एक दाणा नाही.

“बेताचं केलंय,” ती म्हणाली, आणि विमान परत कणगीवर ठेवून, शेपूट जराशी परळीकडून सरळ करून, आत गेली.